पिंडी ते ब्रह्मांडी : एका जोडचित्राची उलटतपासणी

२००६ सालच्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दोन चित्रे शेजारीशेजारी छापली. डावीकडे उंदराच्या मेंदूतल्या चेतापेशी होत्या. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मेंदूचे पातळ काप रंगवून त्या टिपल्या होत्या. उजवीकडे विश्व होते. दोन्हींत तेच: मधे पिवळसर तेजाचा पुंजका, त्यातून चहूकडे फुटलेले धागे, धाग्यांना गाठी आणि गाठींतून पुन्हा धागे. एकाची रुंदी मायक्रोमीटरमध्ये मोजायची, दुसऱ्याची प्रकाशवर्षांत. तेव्हापासून ही जोडी फिरतेच आहे. आधी ईमेलमधून फिरली, मग फेसबुकवर, आता घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर. आपल्याकडे तिच्याखालची ओळही ठरलेली असते: ‘पिंडी ते ब्रह्मांडी’. त्यापाठोपाठ ‘आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते’ हे ओघाने आलेच.

त्या उक्तीवर हा अन्याय आहे. ज्या पंचमहाभूतांचे विश्व, त्यांचाच हा देह, असा तिचा रोख आहे. मेंदूचा काप भिंगाखाली कसा दिसेल याच्याशी तिला काहीही देणेघेणे नव्हते. आणि त्या मूळ अर्थाने पाहिले तर आजचे विज्ञानही तिच्या बाजूनेच साक्ष देते. चेतापेशीतून संदेश धावतो तो सोडियम आणि पोटॅशियमच्या आयनांची ये-जा होते म्हणून, आणि ही दोन्ही मूलद्रव्ये मोठ्या ताऱ्यांच्या पोटात तयार झालेली आहेत. हे नाते खरे आहे, पण ते कुठल्याच चित्रात दिसत नाही. चित्रात जे दिसते ते खरे नाते आहे का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी ही दोन्ही चित्रे तयार कशी झाली ते पाहावे लागते.

डावीकडून सुरुवात करू. त्या चित्रात चेतापेशी किती होत्या? तीन. दोन तांबड्या, एक पिवळी. उंदराच्या मेंदूच्या बाह्यपटलाचा जेमतेम एक घन मिलिमीटरचा तुकडा घेतला तरी त्यात ऐंशी-नव्वद हजार चेतापेशी निघतात. मग चित्रातल्या त्या तिघींच्या शेजारणी गेल्या कुठे? त्या तिथेच होत्या. त्यांना रंग दिलेला नव्हता, एवढेच.

ही युक्ती दीडशे वर्षे जुनी आहे. मिलानजवळच्या आबियातेग्रासो गावात असाध्य रोग्यांसाठी एक रुग्णालय होते. कामिलो गोल्जी नावाचा तरुण डॉक्टर तिथे नोकरीला होता आणि तिथल्या स्वयंपाकघरातच त्याने आपली प्रयोगशाळा थाटली होती. तोवर मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एकात एक गुंतलेला करडा गोंधळ दिसे. कोणता तंतू कोणत्या पेशीचा हे सांगणे अशक्य होते. गोल्जीने मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कडक करून मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवला. काही मोजक्या पेशींमध्ये सिल्व्हर क्रोमेटचा काळा साका बसला आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर अख्खी पेशी, शेवटच्या फाट्यापर्यंत, शाईने रेखल्यासारखी उठून आली. १८७३ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. तिची सगळी जादू ‘मोजक्या’ या शब्दात आहे. ही प्रक्रिया शंभरातल्या पाचच्या आतबाहेर पेशीच रंगवते आणि बाकीच्यांना कोऱ्या सोडते. नेमक्या त्याच का निवडते, हे कोडे आजही पुरते उलगडलेले नाही. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर काप काळाकुट्ट झाला असता आणि मेंदूविज्ञान आणखी काही दशके अडकून पडले असते.

म्हणजे चेतापेशींच्या चित्रात धाग्यांच्या मधे जी काळी पोकळी दिसते ती पोकळी नाहीच. मेंदूत मोकळी जागा अशी जवळपास नसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीचा काप पाहिला की पेशी, त्यांचे फाटे, आधारपेशी आणि रक्तवाहिन्या एकमेकींना खेटून ठासलेल्या दिसतात. पेशींच्या बाहेरची सारी जागा एकत्र केली तर ती पाचव्या हिश्श्याच्या घरात जाते, आणि तीही द्रवाने भरलेल्या अतिसूक्ष्म फटींमध्ये वाटलेली असते. जाळ्याचा भास रंगाने निर्माण केला आहे. माझ्या मते या जोडचित्राबद्दल सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि ते चित्र पुढे ढकलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ती ठाऊक असते.

गोल्जीची पुढची कथाही इथे सांगायला हवी. स्वतः रंगवलेल्या पेशी पाहूनही त्याची खात्री होती की मेंदू म्हणजे एकसंध जाळे आहे, तंतू एकमेकांत विरघळून गेले आहेत. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने १८८७ मध्ये माद्रिदला या पद्धतीने रंगवलेले काप पाहिले, तीच पद्धत सुधारून घेतली आणि नेमका उलटा निष्कर्ष काढला: प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, त्या जवळ येतात, पण एकमेकींत मिसळत नाहीत. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. समारंभातल्या आपल्या व्याख्यानात गोल्जीने पुन्हा एकसंध जाळ्याचीच बाजू मांडली, आणि काहाल तिथेच होता! १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दाखवली. ती साधारण वीस नॅनोमीटरची भरली. काहाल बरोबर होता. ज्याने पहिल्यांदा मेंदूचे धागे दाखवले तोच त्यांच्या दिसण्याला भुलला, हे या विषयात विसरून चालत नाही.

आता उजवीकडे. ते विश्वाचे छायाचित्र नव्हे. कुठल्याही दुर्बिणीने ते टिपलेले नाही. जर्मनीतल्या गार्शिंगच्या माक्स प्लांक खगोलभौतिकी संस्थेत फोल्कर श्प्रिंगेल आणि ‘व्हर्गो’ या आंतरराष्ट्रीय गटातल्या त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले ते संगणकीय सिम्युलेशन होते, नाव ‘मिलेनियम’. २००५ च्या जूनमध्ये ते ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकाच्या आत दोन अब्ज प्रकाशवर्षांहून मोठी बाजू असलेला एक घन कल्पिला, त्यात हजार कोटींहून जास्त कण सोडले आणि त्यांना फक्त गुरुत्वाकर्षणाच्या हवाली केले. एकेका कणाचे वस्तुमान अंदाजे शंभर कोटी सूर्यांइतके. ५१२ प्रोसेसर चार आठवडे राबले तेव्हा विश्वाचे आजचे रूप पडद्यावर आले. हे कण कृष्णद्रव्याचे प्रतिनिधी आहेत, म्हणजे जे द्रव्य प्रकाश देत नाही, अडवत नाही, आणि म्हणून कधीच दिसत नाही अशा द्रव्याचे. विरळ भागाला जांभळा, दाट भागाला पिवळा हा रंग माणसांनी निवडलेला. शिवाय त्या प्रसिद्ध चित्रांत आपण पाहतो तो अख्खा घन नसून साडेसहा कोटी प्रकाशवर्षे जाडीची एक चकती असते. जाडी जास्त घेतली असती तर मागचे-पुढचे धागे एकमेकांवर पडून सारे चित्र गढूळ झाले असते.

एकीकडे बहुतेक पेशी वगळून, दुसरीकडे विश्वाची पातळ चकती कापून आणि दोन्हीकडे काळ्या पार्श्वभूमीवर निवडलेले रंग भरून चित्रे काढली, तर ती सारखी दिसण्यात अर्धे काम चित्रकारानेच केलेले असते.

अर्धे म्हटले, कारण उरलेले अर्धे खरे आहे. विश्वातले जाळे हा रंगाचा भास नाही. १९८६ साली हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातल्या व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाच्या एका पट्टीतल्या सुमारे १,१०० दीर्घिकांचा नकाशा काढला. दीर्घिका सगळीकडे सारख्या पसरलेल्या निघतील अशी बहुतेकांची अपेक्षा होती. निघाल्या त्या प्रचंड पोकळ्यांच्या कडांवर रांगा करून उभ्या असलेल्या. नकाशाच्या मधोमध तर काड्यांनी काढलेल्या माणसासारखी आकृती दिसत होती. हात पसरलेले, पाय फाकलेले. गंमत अशी, की त्या माणसाचे धड खोटे आहे. दीर्घिकेचे अंतर ती आपल्यापासून किती वेगाने दूर जाते त्यावरून काढतात. कोमा दीर्घिकासमूहात दीर्घिका आपापसांतही सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने फिरतात. त्यामुळे आपल्याकडे येणारी दीर्घिका नकाशात आहे त्याहून जवळ दाखवली जाते, आपल्यापासून दूर जाणारी आहे त्याहून लांब. आणि प्रत्यक्षात बऱ्यापैकी गोल असलेला समूह नेमका पृथ्वीच्या दिशेने ताणला जातो. खगोलशास्त्रज्ञ या प्रकाराला ‘ईश्वराचे बोट’ म्हणतात. धड खोटे असले तरी हात खरे निघाले: १९८९ मध्ये गेलर आणि हुक्रा यांनी ते आणखी मोठ्या, पन्नास कोटी प्रकाशवर्षे पसरलेल्या ‘महाभिंती’चे भाग असल्याचे दाखवले.

या शोधमालिकेत पुण्याचाही वाटा आहे. आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांच्या पुढाकाराने जॉयदीप बागची, शिशिर सांख्यायन, सोमक रायचौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, एक महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ नाव दिले. त्याचा पसारा साठ कोटी प्रकाशवर्षांचा, त्यात ४३ दीर्घिकासमूह, आणि एकूण वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांहून अधिक. पण मला त्याहूनही रोचक वाटते ते आयुकातच त्याआधी झालेले एक शांत काम. एखादी रचना धाग्यासारखी आहे की पापडासारखी चपटी, हे डोळ्यांनी न ठरवता मोजून कसे ठरवायचे? १९९८ मध्ये वरुण साहनी, बी. एस. सत्यप्रकाश आणि सर्गेई शांडारिन यांनी त्यासाठी ‘शेपफाइंडर्स’ ही मापे सुचवली. रचनेचे घनफळ, पृष्ठफळ आणि वक्रता यांच्यावरून तिची जाडी, रुंदी, लांबी काढायची आणि मग ती कितपत धागा, कितपत पापुद्रा हे आकड्यांत सांगायचे. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बोलायचे असेल तर अशीच काहीतरी फूटपट्टी हातात हवी.

विश्वाचे जाळे विणले कसे जाते, हे आज चांगलेच समजलेले आहे. विश्व तीन लाख ऐंशी हजार वर्षांचे असताना त्यातले द्रव्य जवळजवळ समान पसरलेले होते. कुठे दाट, कुठे विरळ असा फरक होता तो लाखात एक भाग. त्या वेळचा प्रकाश आजही सूक्ष्मलहरींच्या रूपात आपल्यापर्यंत पोचतो, आणि त्यातले हे चढउतार ‘कोबे’ उपग्रहाच्या निरीक्षणांवरून १९९२ मध्ये जाहीर झाले. जिथे किंचित दाट होते तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी द्रव्य ओढले गेले. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्डोविच याने १९७० मध्येच दाखवले होते की असा दाट भाग तिन्ही बाजूंनी एकदम कोसळत नाही. एका दिशेने तो आधी मिटतो, तेव्हा पापुद्रा तयार होतो. मग दुसऱ्या दिशेने, तेव्हा धागा. शेवटी तिसऱ्या दिशेने, तेव्हा गाठ. गाठींच्या जागी दीर्घिकासमूह असतात, धाग्यांवरून द्रव्य हळूहळू त्यांच्याकडे वाहत असते आणि मधल्या पोकळ्या आणखी रित्या होत जातात. भूतप या तारकासमूहाच्या दिशेला १९८१ मध्ये सापडलेली पोकळी तेहेतीस कोटी प्रकाशवर्षे रुंद आहे. ही मात्र खरी पोकळी. मेंदूच्या चित्रातल्यासारखी रंग न दिलेल्या शेजाऱ्यांनी भरलेली नव्हे.

मेंदूतले विणकाम याच्या अगदी उलट वाटेने चालते. तिथे गुरुत्वाकर्षणाला कोणी विचारत नाही. चेतापेशीच्या वाढणाऱ्या लांब तंतूच्या, म्हणजे अक्षतंतूच्या, टोकाला हातासारखा हलणारा एक भाग असतो; काहालने तो १८९० मध्ये वर्णिला. तो रसायनांचा माग काढत जातो, काही रेणू त्याला बोलावतात, काही दूर लोटतात. ठरलेल्या पेशीपाशी पोचल्यावर सिनॅप्स, म्हणजे दोन पेशींमधला जोड, बनतो. वापरात असलेले जोड टिकतात आणि न लागणारे बालपणापासून छाटले जातात. यामागे काटकसरीचा एक हिशेब आहे: तंतूंची लांबी कमी हवी, संदेश लवकर पोचायला हवा आणि हे सारे कवटीत मावायला हवे. विश्वाला असला कुठलाच हिशेब सांभाळायचा नसतो.

इतके वेगळे कारखाने असूनही माल सारखा आहे का, हे मोजण्याचा गंभीर प्रयत्न दोन इटालियनांनी केला. बोलोन्या विद्यापीठाचा खगोलभौतिकीतज्ज्ञ फ्रांको वाझ्झा आणि वेरोना विद्यापीठाचा मेंदूशल्यविशारद आल्बेर्तो फेलेत्ती यांचा शोधनिबंध २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘फ्रंटियर्स इन फिजिक्स’मध्ये आला. त्यांनी मानवी मेंदूच्या बाह्यपटलाचे आणि लहान मेंदूचे चार मायक्रोमीटर जाडीचे काप घेतले, विश्वाच्या सिम्युलेशनमधल्या चकत्या घेतल्या आणि दोन्हींचा ‘पॉवर स्पेक्ट्रम’ काढला. गाणे ऐकताना त्यात खर्ज किती आणि तार स्वर किती हे जसे वेगळे करता येईल, तसे चित्रातले मोठे चढउतार किती आणि बारीक चढउतार किती हे या आलेखातून कळते. निष्कर्ष असा निघाला की लहान मेंदूत एक मायक्रोमीटरपासून एक दशांश मिलिमीटरपर्यंत हे प्रमाण ज्या रीतीने बदलते, साधारण त्याच रीतीने ते विश्वात पन्नास लाख ते पन्नास कोटी प्रकाशवर्षांच्या पल्ल्यात बदलते. ताळा म्हणून त्यांनी ढग, झाडांच्या फांद्या आणि खळबळते प्रवाह यांचेही आलेख काढले; ते जुळले नाहीत. म्हणजे ‘कशाचेही चित्र कशाशीही जुळते’ असा आक्षेप या कामावर घेता येत नाही. मेंदू आणि दृश्य विश्व यांच्या आकारमानात एकावर सत्तावीस शून्ये इतका फरक असताना हे व्हावे, याचे कुतूहल वाटायलाच हवे.

पण याच निबंधातल्या ज्या आकड्यांना वर्तमानपत्रांनी उचलून धरले त्यांच्याकडे जरा कडक नजरेने पाहायला हवे. विश्वाच्या जाळ्यात एका गाठीला सरासरी ३.८ ते ४.१ जोड, मानवी बाह्यपटलात ४.६ ते ५.४ जोड, म्हणून दोन्ही सारखे, असे ते छापून आले. हे जोड मोजले कसे? चित्रातले ठळक ठिपके शोधून, ठरावीक अंतराच्या आतले ठिपके जोडलेले मानून. खऱ्या चेतापेशीला पाच जोड नसतात. बाह्यपटलातल्या पेशीला हजारो असतात, आणि लहान मेंदूतल्या एकेका पर्किन्ये पेशीवर लाखाहून अधिक सिनॅप्स येऊन टेकतात. शेजारच्या पेशीशी एकही जोड नाही पण चार सेंटिमीटरवरच्या पेशीशी आहे, हे तर मेंदूत नेहमीचेच. तेव्हा तो आकडा मेंदूच्या जोडणीचा नसून ठिपके किती जवळ-जवळ पडले आहेत याचा आहे. लेखकांनी पद्धत लपवलेली नाही. ती वाचण्याची तसदी बातमीदारांनी घेतली नाही.

दुसरा लाडका आकडा पाण्याचा. मेंदूत ७७ टक्के पाणी, विश्वात ७० टक्क्यांच्या आसपास कृष्ण ऊर्जा, आणि दोन्ही म्हणे पार्श्वभूमीला निमूट बसून असतात. हे मला सरळसरळ ओढूनताणून आणलेले वाटते. मेंदूतले पाणी निमूट बसलेले नसते. आयन त्यातूनच वाहतात, प्रथिने त्यातच आपले आकार धरतात, पाण्याविना चेतापेशीचा एकही संदेश निघणार नाही. कृष्ण ऊर्जा मात्र जाळे विणायला मदत करत नाही, उलट प्रसरणाचा वेग वाढवून नव्या गाठी बसू देत नाही. दोन टक्केवाऱ्या जवळ आल्या म्हणून नाते जुळवायचे तर कलिंगडातही पाणी भरपूर असते. संख्यांचेही तसेच. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी मेंदूची ऊती विरघळवून पेशींची केंद्रके मोजली. २००९ मध्ये त्यांनी दिलेला मानवी चेतापेशींचा आकडा ८,६०० कोटींचा आहे आणि त्यातल्या ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत आहेत. दीर्घिकांचा आकडा मात्र कोणत्या आकाराच्या दीर्घिका धरायच्या यावर दहा हजार कोटींपासून दोन लाख कोटींपर्यंत हेलकावतो. इतक्या सैल आकड्याशी कुठलाही मोठा आकडा जुळू शकतो.

आणि जोड म्हणजे केवळ जवळीक नव्हे. त्यातून काहीतरी जावे-यावे लागते. हा हिशेब कागदावरही मांडता येतो. देवयानी ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेची सर्वांत जवळची मोठी शेजारीण. तिचा प्रकाश इथे यायला पंचवीस लाख वर्षे लागतात. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे. जन्मापासून आजवर एकामागून एक, पहिला पोचल्यावर दुसरा, असे निरोप पाठवले असते तर फार तर साडेपाच हजार जाऊ शकले असते. सेकंदाला दहा स्पंदने देणारी चेतापेशी तितके निरोप सव्वानऊ मिनिटांत पाठवते. ही सर्वांत जवळची शेजारीण! महासमूहांच्या दोन टोकांमधला पत्रव्यवहार तर जेमतेम वीस-पंचवीस निरोपांचा भरेल. कृष्ण ऊर्जेमुळे दूरदूरच्या गाठी एकमेकींपासून इतक्या वेगाने लांब चालल्या आहेत की पुढे तोही बंद पडेल. ‘विश्व विचार करत असेल का’ हा प्रश्न या हिशेबापुढे फार काळ टिकत नाही.

२०१२ मध्ये या प्रश्नाला उगीचच खतपाणी मिळाले होते. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दिमित्री क्रियुकोव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवले की प्रसरण पावणाऱ्या विश्वातल्या घटनांच्या कार्यकारण-जाळ्याची वाढ आणि इंटरनेट किंवा मेंदूसारख्या गुंतागुंतीच्या जाळ्यांची वाढ गणितात सारख्या नियमाने चालते. त्यांच्या जाळ्यात दीर्घिका नव्हत्याच. स्थल-काळातले बिंदू होते. तरी जगभर मथळे झळकले: विश्व म्हणजे महाकाय मेंदू!

मग सारखेपणाचे कारण काय? मला पटणारे उत्तर भूमितीत आहे, आणि त्यासाठी वेगळी, कमी गाजलेली जोडी पाहायला हवी. पेशीच्या आत प्रथिने बनवणारी पातळ पटले थरांवर थर रचलेली असतात. हे थर एकमेकांना सर्पिल उतारांनी जोडलेले असतात, बहुमजली वाहनतळात वरच्या मजल्यावर जाणारा रस्ता असतो तसे. २०१३ मध्ये मार्क तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी ते दाखवले. इकडे न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचात खोलवर असलेल्या अतिघन द्रव्याची सिम्युलेशने करताना चार्ल्स होरोविट्झ यांच्या गटाला हुबेहूब तशीच रचना दिसली. आकारात लक्षावधी पटींचा फरक. एकीकडे पाण्यातले मेदरेणू, दुसरीकडे अणुकेंद्रीय बले. भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ह्युबर यांना दोन्ही चित्रांतले साम्य जाणवले आणि २०१६ मध्ये त्यांनी आणि होरोविट्झ यांच्या गटाने एकत्र शोधनिबंध लिहिला. थरांनी कमीत कमी ऊर्जेत जुळून राहायचे असेल तर त्रिमितीत फार पर्याय उरत नाहीत. मग बल कोणतेही असो. गाठी आणि धागे यांचेही बहुधा असेच असावे. पसरलेले काहीतरी एकत्र येऊ लागले की पापुद्रे, धागे, गाठी याहून वेगळे आकार त्रिमितीत फारसे मिळत नाहीत.

अशा साम्याचा उपयोग मात्र होतो, आणि तो कसा करावा याचा नमुना मेंदूच नसलेल्या एका जिवाने घालून दिला. फायसारम नावाची पिवळी बुरशीसारखी दिसणारी वाढ अन्नाच्या कणांपर्यंत नळ्या पसरते आणि अनावश्यक नळ्या आखडून घेते. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी टोकियोभोवतालच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवले, तेव्हा तिने तिथल्या रेल्वेच्या तोडीचे जाळे विणले. दहा वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ विद्यापीठातल्या जोसेफ बर्चेट आणि ओस्कर एलेक यांनी तिची रीत संगणकात उतरवली, दाण्यांच्या जागी ३७,००० दीर्घिका ठेवल्या आणि त्यांच्यामधले अदृश्य धागे काढून घेतले. मग हबल दुर्बिणीने पाहिलेल्या क्वेसार नावाच्या साडेतीनशे अतिदूरच्या तेजस्वी स्रोतांच्या प्रकाशात त्या वाटेवरच्या हायड्रोजन वायूच्या खुणा आहेत का ते तपासले. त्या सापडल्या. विश्व म्हणजे बुरशी, असे यातल्या कोणीच म्हटले नाही.

वाझ्झा-फेलेत्ती यांच्या तुलनेची खरी अडचण त्या काळच्या साधनांची होती. एका बाजूला रंगवलेला काप, दुसऱ्या बाजूला सिम्युलेशन. दोन्हीकडे अस्सल जोडणीचा नकाशा नव्हता. तो आता आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘मायक्रॉन्स’ प्रकल्पाने उंदराच्या दृष्टीशी संबंधित मेंदूभागाचा एक घन मिलिमीटर पूर्ण उलगडून दाखवला: दोन लाख पेशी, त्यांत ८४,००० चेतापेशी, ५२ कोटींहून जास्त सिनॅप्स, आणि यात कुणी रंगवायचे राहून गेलेले नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या ‘देसी’ या उपकरणाने एक कोटी सत्त्याऐंशी लाख खगोलीय वस्तूंची पहिली यादी अंतरांसह जाहीर केली. त्यांतल्या बहुतेक दीर्घिका आहेत. दोन्ही साठे इंटरनेटवर कोणालाही फुकट खुले आहेत. संगणकावर थोडाफार प्रोग्राम लिहिता येणाऱ्या वाचकाने, विशेषतः भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याने, ते उतरवून घ्यावेत आणि खऱ्या जोडांची खऱ्या गाठींशी तुलना करून पाहावी. आकडे जुळतात की नाहीत हे आधीच ठरवून मात्र बसू नये.